सहा नंबरवर रिव्हर्स

क्लचबाईंनी अकरा वर्षांत सव्वासहाशे माणसांना गाडी शिकवली, आणि त्यांतल्या एकालाही शांततेत गाडी चालवता येत नव्हती.

यात बाईंचा दोष नव्हता. असलाच तर गाडीचा होता. त्यांच्या दिरांनी ड्रायव्हिंग स्कूल काढलं तेव्हा एक जुनी, राखाडी गाडी विकत घेतली. विकणारा गाव सोडून चालला होता आणि घाईत होता. गाडीच्या सीडी प्लेअरमध्ये त्याची एक सीडी अडकलेली होती. ती काही केल्या बाहेर येईना. बंद करायचं बटण कधीतरी आत गेलं होतं, ते वर आलंच नव्हतं. आवाजाची खुंटी होती, पण ती 'मोठा' आणि 'फार मोठा' अशा दोनच ठिकाणी थांबायची. किल्ली फिरवली की इंजिनाच्या आधी गाणं सुरू व्हायचं. इंजिनाने पुढे बऱ्याचदा दगा दिला. गाण्याने एकदाही दिला नाही.

सुरुवातीला बाई कानात कापूस घालून शिकवायच्या. शिकणारे डावीकडे वळू का म्हणून विचारायचे आणि बाई "हो, हो, छान" म्हणायच्या. चौथ्या आठवड्यात त्या दिरांना म्हणाल्या, "भावोजी, एक तर हे काढा, नाहीतर मला काढा."

भावोजींनी मेकॅनिक बोलावला. त्याने पट्टी घातली, चिमटा घातला, शेवटी हात जोडले. "पुढचा सगळा भाग उघडावा लागेल," तो म्हणाला, "आणि उघडल्यावर परत बसेलच असं मी लिहून देणार नाही."

"वहिनी," भावोजी म्हणाले, "होईल सवय."

सवय झाली नाही. झालं ते वेगळंच. एकदा दुपारी बाई एकट्याच गाडी घेऊन परत येत होत्या आणि रेल्वेचं फाटक पडलं. मालगाडी होती, डबे संपेचनात. कानातला कापूस घरी राहिला होता. तिसरं गाणं लागलं. त्यात वाद्य नव्हतंच, नुसती एक बाई गात होती, कुठल्या भाषेत देव जाणे. गाता गाता ती एका शब्दावर थांबली आणि झोपलेलं मूल अलगद खाटेवर ठेवावं तसा तो शब्द तिने खाली ठेवला. क्लचबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी गाडी हलेना. एक ट्रकवाला उतरून खिडकीशी आला. "काय झालं बाई? कोणी गेलं का?"

"नाही हो," बाई म्हणाल्या, "अजून गातेय."

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "अहो, आज माझ्या डोळ्यांतून एकदम पाणी आलं." नवरा चष्मे करायचा. खालीच त्याचं दुकान होतं. त्याने बायकोला खुर्चीत बसवलं, बॅटरी मारून दोन्ही डोळे नीट तपासले. "कोरडेपणा नाही. नंबरही तोच. काय बघत होतीस?"

"बघत नव्हते. ऐकत होते."

"मग ते माझ्या खात्यात येत नाही," नवरा म्हणाला.

हे संगीत कोणाचं, ते बाईंना एका निवृत्त भूगोल मास्तरांमुळे कळलं. मास्तर पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाता जाता म्हणाले, "बाई, हे केल्टिक संगीत. समुद्राकाठच्या, वाऱ्याने सोलून निघालेल्या लोकांचं. हे मागे गाय हंबरल्यासारखं ऐकू येतंय ना, तो बॅगपाइप. काखेत हवेची पिशवी धरून दाबायची आणि वाजवायचं."

"काखेत?"

"काखेत." आणि हे दाखवायला मास्तरांनी दोन्ही हात सोडले. गाडी दुभाजकावर चढली. बाईंच्या पायाखालीही ब्रेक होता, पण त्या दिवशी तो दाबायचा राहून गेला.

त्या संध्याकाळी बाई घरातली गरम पाण्याची रबरी पिशवी फुंकून फुगवून, काखेत दाबून बसल्या. पिशवीने असा काही सूर लावला की शेजारीण बघायला आली. नवरा वर आला. "तुझी ती माणसं रडतात की नाचतात, ते एकदा ठरव बरं."

"दोन्ही," बाई म्हणाल्या, "आणि एकाच वेळी. भिंगं घासता घासता तुम्हाला नाही कळायचं."

मग त्यांचा दिवसच त्या तालावर चालू लागला. मटार सोलताना बोटं दुडक्या चालीने पळायची. जिना चढताना त्या तिसऱ्या पायरीवर हलकीशी उडी घ्यायच्या, कारण चालच तशी होती. वाचनालयात एका जाड पुस्तकात हार्प, व्हायोलिनसारखी फिडल, टिनची शिट्टी आणि बकऱ्याच्या कातड्याचा चपटा ढोल यांची चित्रं सापडली, तेव्हा लग्नाच्या अल्बममधले नातेवाईक ओळखावेत तशा त्या बोट ठेवून म्हणाल्या, "ही दोनमधली. हा सातमधला." एका वाढदिवसाला नवऱ्याने मुद्दाम शोधून दुसरी केल्टिक सीडी आणली. बाईंनी ती पूर्ण ऐकली, नीट डबीत ठेवली आणि म्हणाल्या, "चांगली आहेत हो. पण ही माणसं माझ्या ओळखीची नाहीत."

अडकलेल्या सीडीवर नऊ गाणी होती. वेष्टन नसल्याने नावं माहीत नव्हती. मग बाईंनी बारसं स्वतःच केलं. एक म्हणजे 'घाईची बाई'. दोन म्हणजे 'दोन जावा', कारण त्यात दोन फिडल एकमेकींचं बोलणं तोडत भांडायच्या. तीन 'एकटी'. चार 'लंगडी'. पाच 'पिशवी'. सहा म्हणजे बॅगपाइपची ती संथ, लांब धून, तिचं नाव 'मागे वळून'. सात 'नुसता ढोल', आठ 'काचेची भांडी', नऊ 'सगळे एकदम'.

शिकवणं आपोआपच त्यात गुंतलं. "घाईच्या बाईला पहिला गिअर. जावा भांडायला लागल्या की दुसरा. धाकटी वरचढ झाली की तिसरा. पिशवी फुगतेय तोवर क्लच दाबून धरा, बोलायला लागली की हळूहळू सोडा." आणि दोन गाण्यांच्या मधली शांतता म्हणजे ब्रेक. हा नियम बाईंनी फार कडक पाळला होता. रिव्हर्स मात्र सहावर, फक्त सहावर. पुस्तक वाचून ज्यांना क्लच कळला नव्हता त्यांना तो काखेतल्या पिशवीने कळला. बाईंची माणसं पहिल्या फटक्यात पास व्हायची. दुसऱ्या शाळांतून नापास झालेले इथे यायचे.

आणि मग भावोजींच्या मनात आलं की आपण वहिनींसाठी काहीतरी चांगलं करावं.

एका सोमवारी शाळेच्या आवारात पांढरीशुभ्र नवी गाडी उभी होती, बॉनेटवर लाल रिबीन. "वहिनी, तुमच्यासाठी," भावोजी म्हणाले. "मागचं सगळं पुढे पडद्यावर दिसतं."

बाई आत बसल्या, बटण दाबलं. "सुरू होत नाही."

"झालीय वहिनी."

"मग गप्प का आहे?"

"नवीन आहे ना," भावोजी कौतुकाने म्हणाले.

"जुनी कुठेय?"

"सकाळीच मोडीत घातली. अकरा वर्षं तुम्ही ती कटकट सोसलीत. मला काय दिसत नव्हतं?" त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की बाईंना रागावताही येईना. त्यांनी आवारातून निघायला रिव्हर्स टाकला. हात स्टिअरिंगच्या चाकावर राहिला, पाय क्लचवर राहिला. पडद्यावर मागची भिंत, भिंतीशी झोपलेलं मांजर, सगळं लख्ख दिसत होतं. पण चाक केव्हा वळवायचं ते मात्र आठवेना. पाच मिनिटांनी त्या खाली उतरल्या. "भावोजी, ही इथेच उभी राहू दे. शोभून दिसते."

भावोजींनीच गाडी बाहेर काढून दिली.

त्या वेळी शाळेत सहा जण शिकत होते. परीक्षा वीस दिवसांवर आली होती. त्यांतली दवाखान्यातली नर्स सगळ्यांत हुशार. ती नव्या गाडीत बसली, पहिला गिअर टाकला, शंभर पावलं गेली आणि रडवेली होऊन म्हणाली, "बाई, जावा कुठे गेल्या?" बेकरीवाल्याची तर आणखी तऱ्हा. सगळीकडे शांतता, म्हणजे ब्रेक. तो गाडी पुढे न्यायलाच तयार नव्हता. "तुम्हीच म्हणाला होतात ना," तो सांगायचा, आणि ते खरंच होतं.

मग बाई स्वतः गायला लागल्या. दोन्ही जावा त्या एकट्याच म्हणायच्या, एकदा या अंगाने आणि एकदा त्या अंगाने. गाडी चालायला लागली. पण माणूस म्हटलं की श्वास घ्यावा लागतो. बाई श्वासाला थांबल्या की शांतता व्हायची, आणि शांतता झाली की शिकणारा करकचून ब्रेक मारायचा. मुख्य रस्त्यावरून शाळेची पांढरी गाडी बेडकासारखी जायची. मागच्या एका रिक्षावाल्याने गाडीशेजारी येऊन विचारलं, "बाई, पेट्रोलऐवजी पाणी पाजलंय का?" बाईंना उत्तर देता आलं नाही, 'लंगडी'चा दुसरा भाग चालू होता.

सीडीच्या दुकानात जाऊन झालं. दुकानदाराने नाव विचारलं. बाईंनी 'दोन जावा' सांगितलं. मग गाऊन दाखवलं. दुकानदार म्हणाला, "बाई, असं तर हजारो आहेत." त्याने चार-पाच ऐकवल्या. एकीतही आपल्या घरचं कोणी नव्हतं.

परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक साहेब म्हणजे दगडाचा माणूस अशी ख्याती होती. गाडीत बसले की ते समोर बघायचे, शेवटी सही करायचे आणि उतरायचे. आठ वर्षांत बाईंनी त्यांच्या तोंडून "चला" आणि "थांबा" याखेरीज शब्द ऐकला नव्हता. सकाळी पहिला नंबर कायम बाईंच्या शाळेचा असे, तो का, हेही कोणी विचारलं नव्हतं.

नर्स बसली, मैदानभर धडपडत फिरली, रिव्हर्सला दोन खांब पाडून आली. साहेबांनी कागद पुढे ओढला, पेन उघडलं आणि तसेच बसून राहिले. बेकरीवाला बसला. तो जागचा हललाच नाही. साहेबांनी त्याच्याही कागदावर पेन टेकवलं आणि उचललं. सहाही जण झाले तरी पासही नाही, नापासही नाही. शेवटी त्यांनी बाईंना गाडीत बोलावलं, काच वर केली आणि हळूच विचारलं, "ते कुठेय?"

"काय, साहेब?"

"ते." साहेबांनी काखेत काहीतरी दाबल्यासारखं केलं.

बाईंनी सगळं सांगितलं. साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बाई, मी आठ वर्षं सहाव्या गाण्यावर निकाल देतोय. धून संपायच्या आत गाडी मागे लागली तर पास, नाही तर नापास. आणि सकाळी एकदा ते ऐकलं की दिवसभर दुसऱ्या शाळांची माणसंही त्याच मापाने बघायचो. आज मला काहीच सुचत नाहीये. मला वाटतं, आज सगळ्या शहराचा निकाल अडकणार."

तसंच झालं. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस तीन शाळांच्या एकाही माणसाचा निकाल लागला नाही. सगळ्या कागदांवर साहेबांनी 'विचाराधीन' लिहिलं. चौथ्या दिवशी त्यांना वरून विचारणा आली. त्यावरही त्यांनी 'विचाराधीन' लिहून ती परत पाठवली आणि बाईंच्या दारात येऊन उभे राहिले. "चला. गाडी कुठे मोडीत दिली, ते दिरांना विचारा."

"तुमच्या गाडीने जायचं?"

"मला गाडी चालवता येत नाही," साहेब म्हणाले. "मला फक्त दुसऱ्याचं चुकलेलं कळतं."

दोघं बसने गेले. भंगाराचं आवार शहराबाहेर होतं. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेने मोडक्या गाड्यांची रांगच रांग लागली होती, पाऊण मैल तरी असेल. रांगेच्या टोकाला आवार, आवाराच्या मधोमध गाड्या चेपायचं यंत्र, आणि त्याच्या जबड्यात राखाडी गाडी. चाकं काढलेली, टप वीतभर खाली दबलेला. आतून 'काचेची भांडी' ऐकू येत होती.

बाईंनी साहेबांचा हात घट्ट धरला. साहेबांनी धरू दिला.

आवाराची मालकीण क्रेन स्वतः चालवायची, म्हणून तिला सगळे क्रेनताई म्हणत. ती गाडीशेजारी उलट्या बादलीवर बसली होती. "आवाज करू नका," ती म्हणाली. "संपत आलंय."

'सगळे एकदम' होऊन गेलं. थोडी शांतता पडली. क्रेनताई उठून यंत्राच्या दांड्याकडे गेली, तेवढ्यात 'घाईची बाई' सुरू झाली. क्रेनताई परत येऊन बादलीवर बसली.

"बघितलंत? तेवीस दिवस हेच चाललंय," ती म्हणाली. "दाबायला घेतली आणि आत कोणीतरी गायला लागलं. बाई माणूस होती. म्हटलं, बोलतंय त्याला मध्येच कसं तोडायचं? संपू दे, मग दाबू. तर संपतच नाही. माझं सगळं काम खोळंबलंय."

"पण बॅटरी कशी उतरली नाही?" साहेबांनी विचारलं.

"उतरते ना. दर दोन दिवसांनी मी बदलते. बॅटरी संपली म्हणजे गाणं संपलं, असं थोडंच आहे?"

साहेबांनी तिच्याकडे फार आदराने पाहिलं.

बाईंनी आपली ओळख सांगितली आणि प्लेअर मागितला. क्रेनताई लगेच तयार झाली, पण तिची अडचण तशीच होती. प्लेअर काढायचा तर वायर तोडावी लागणार, आणि वायर तोडायची म्हणजे कोणाला तरी मध्येच तोडणं आलं. ते ती होऊ देणार नव्हती.

"मध्ये नको," बाई म्हणाल्या. "नऊ संपल्यावर एक लागायच्या आधी जागा असते. न्यूट्रलमधून पहिल्यात जायला वेळ लागतो ना, तेवढीच. त्या वेळी त्यांच्यातलं कोणीच बोलत नसतं. मी 'सोडा' म्हटलं की तुम्ही वायर तोडा."

क्रेनताईने साहेबांकडे बघितलं. "असं चालतं का?"

"नियमाने बरोबर आहे," साहेब म्हणाले. कुठला नियम ते त्यांनाही माहीत नव्हतं.

तिघं गाडीत शिरले. टप दबल्यामुळे सगळ्यांना माना वाकवून बसावं लागत होतं. क्रेनताई पक्कड घेऊन चालकाच्या जागेवर, बाई शेजारी आपल्या नेहमीच्या जागेवर, साहेब मागे गुडघ्यात डोकं घालून. सकाळचे अकरा वाजले होते. एक फेरा पन्नास मिनिटांचा. पहिल्या फेऱ्याच्या शेवटी बाई "सोडा" म्हणाल्या, पण क्रेनताईचे डोळे मिटलेले होते. दुसऱ्या फेऱ्याला क्रेनताई टक्क जागी होती, बाईच म्हणायला विसरल्या. तिसऱ्या वेळी दोघी सज्ज होत्या तर मागून साहेब म्हणाले, "एकदा त्या जावांचं ऐकू या का? फक्त तेवढं." जावांचं ऐकल्यावर 'एकटी'ला कोण सोडणार? चौथा फेरा तिघांनीही मुकाट ऐकला. तिघांच्याही माना अवघडल्या होत्या. नववं गाणं संपायला आलं. सगळी वाद्यं एका ठिकाणी येऊन पोचली, टेकली.

"सोडा," बाई म्हणाल्या.

पक्कड मिटली.

क्रेनताईने कान टवकारले. ती म्हणाली, "माझ्या आवारात चिमण्या आहेत की काय?" मग ती उतरली, प्लेअर बाईंच्या ओटीत घातला, आणि पाहुणे गेल्यावर घरातला माणूस दारात रेंगाळतो तशी जरा वेळ गाडीशी उभी राहिली. नंतर तिने दांडा ओढला. बाई पाठ करून उभ्या होत्या. बाहेरची पाऊण मैलाची रांग एका गाडीने पुढे सरकली.

प्लेअर नवऱ्याच्या हवाली झाला. चष्म्याच्या दांड्यांचे बारीक स्क्रू काढायची हत्यारं त्याच्याकडे होती. दुकान लवकर बंद करून तो बसला, आणि अर्ध्या तासात सीडी त्याच्या हातात होती. बाईंनी ती पहिल्यांदाच पाहिली. वर काहीही लिहिलेलं नव्हतं. नवऱ्याने ती दिव्याखाली धरली. "अगं, हे काय ओरखडे! असा चष्मा घेऊन कोणी आलं असतं तर मी त्याला दुकानाच्या पायरीवरूनच हाकलला असता." आणि बाई भाजी आणायला गेल्या तेवढ्यात त्याने भिंगांना लावतात ती पावडर घेऊन, भिंग घासतात त्याच चाकावर ती सीडी इतकी मन लावून घासली की त्यात तोंड दिसावं. नंतर त्याने नव्या गाडीत कप्प्याचं झाकण काढून प्लेअर बसवून दिला, पट्ट्यांनी घट्ट आवळला.

बाई येऊन बसल्या. एक लागलं. दोन लागलं. बाई प्रत्येकाला मान डोलवत होत्या, प्रवासातून परत आलेल्यांना "आलात? या" म्हणावं तशी. मग सहावं आलं.

'मागे वळून'मध्ये एक ठिकाण होतं. धून वर चढायची, चढायची, आणि एकदम उचकी लागल्यासारखी थेट खाली यायची. बाईंना वाटायचं, ही त्या वाजवणाऱ्याची करामत. तिथेच चाक डावीकडे वळवायचं, असं त्यांनी सव्वासहाशे माणसांना शिकवलं होतं. पण आता धून वर चढली आणि उचकी लागलीच नाही. ती वरच राहिली. डोंगरमाथ्यावर पोचलेल्या माणसाने चारी बाजूंना बघावं तशी सावकाश फिरली, आणि मग एकेक पायरी उतरत, स्वतःच्या पायांनी खाली आली.

नवरा घाबरला. "बिघडलं का गं? मी जास्त घासलं का?"

बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "अहो, हे इथेच होतं. अकरा वर्षं इथेच होतं, आणि मी रोज त्याच्यावरून उडी मारून जात होते."

नवऱ्याने सहावं पुन्हा लावलं. शिकायला उभ्या असलेल्या माणसाला त्या दिवशी तसंच घरी जावं लागलं.

आनंद खरा, पण साहेबांनी ठेवलेली फेरपरीक्षा दुसऱ्याच दिवशी सकाळी होती आणि चाक वळवायची खूण तर पावडरीबरोबर पुसली गेली होती. बाईंनी सहाही जणांना फोन करून सांगितलं, "उचकीची वाट बघू नका. ती गेली." कोणाला काही कळलं नाही.

साहेब मैदानावर अर्धा तास आधीच येऊन बसले होते. गाडीतून गाणं ऐकू आलं तसे ते टोपी सरळ करून उठले. आधी नर्स. पुढे जाणं तिने झोकात केलं. रिव्हर्सला धून वर चढली, वर राहिली, नर्स उचकीसाठी थांबली, आणि ती येईना म्हणताना तिने त्या शाळेच्या इतिहासात कोणी न केलेली गोष्ट केली. तिने आरशात पाहिलं. मग चाक वळवलं. गाडी दोन खांबांच्या मध्ये अलगद जाऊन बसली. साहेबांनी सही केली.

बेकरीवाला मात्र शब्दाचा पक्का. त्याने फोनवर 'वाट बघू नका' एवढंच ऐकलं होतं, आणि वाट बघायची नाही तर काय करायचं ते न कळल्यामुळे तो वाट बघत राहिला. धून डोंगरमाथ्यावर हिंडत होती, गाडी मागे जात होती. खांब गेले. मैदान संपलं. मागचं फाटक उघडंच होतं, त्यातून गाडी सरळ रेषेत, अजिबात न हेलकावता, रस्त्यावर गेली. बाई मागच्या सीटवर होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले, भीतीने नाही, तो भाग त्यांना ऐकायचा होता. सायकलवाले बाजूला झाले. धून खाली उतरायला लागली तसं बेकरीवाल्याच्या हाताला काहीतरी सुचलं, चाक वळलं, आणि धून संपता संपता गाडी रस्त्याच्या कडेला, टपालपेटी आणि केशकर्तनालयाची पाटी यांच्या बरोबर मधोमध, फुटपाथला समांतर येऊन उभी राहिली.

"पास," साहेब म्हणाले.

"साहेब, पण हा मैदानातच नाहीये," बाईंना राहवलं नाही.

"'गाडी मागे घेऊन दोन खुणांच्या मध्ये उभी करणे' एवढंच लिहिलंय. खुणा कोणाच्या, त्याचा उल्लेख नाही." त्यांनी सही केली, पेन बंद केलं आणि खिशातून अडकलेल्या सगळ्या शहराच्या 'विचाराधीन' कागदांचा गठ्ठा काढून तो मांडीवर घेतला. "चला, आता परत."

बेकरीवाल्याने घाम पुसला. "साहेब, आता सात लागलंय. पुढे जायचं ते एकला. मध्ये 'नुसता ढोल', 'काचेची भांडी' आणि 'सगळे एकदम' आहेत."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. त्याचं बरोबर होतं.

मग तिघंही थांबले. साहेब ढोलाच्या ठेक्यावर एकेक कागद निकालात काढू लागले. केशकर्तनालयातून हातात कात्री घेतलेला माणूस बाहेर आला. दारासमोर गाडी का लावली, म्हणून तो भांडायलाच आला होता. त्याने खिडकीत डोकं घातलं, तोंड उघडलं, आणि जरा वेळाने मिटलं. खुर्चीत अर्धे केस कापलेलं गिऱ्हाईक आतून हाका मारत होतं.

"आलो," तो म्हणाला, आणि कोपर खिडकीवर टेकून तिथेच उभा राहिला.